तुडुमापाशी गढूळ पाणी

"बचाओ! अरे कोई है? लडकी डूब रही है!"

आंबेटोल्याच्या तलावाच्या मातीच्या पाळीवर एक मोटारसायकल आडवी पडली होती, तिचं मागलं चाक अजून गरगरत होतं, आणि एक तरणाबांड पोट्टा बुटांसकट पाण्यात धावत सुटला होता. ऑक्टोबरातली पहाट. तलावावर दाट धुकं. त्या धुक्यात मधोमध एक डोकं दिसायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा दिसायचं.

डोकं होतं आचलचं. आणि बुडते कसली! ती आपली रोजच्यासारखी मधल्या दगडी खांबाला हात लावून परत येत होती. आरडाओरडा ऐकून तिनं मान वर केली, चार हात मारून काठाकडं आली आणि पाहते तर काय... कमरेइतक्या पाण्यात एक अनोळखी तरुण हात पसरून उभा. चांगला इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, आणि तोंडावर असा भाव, की जणू यमाशीच दोन हात करायला निघाला होता.

"काऊन जी," आचलनं विचारलं, "बूट घालून आंघोळ करता का तुम्ही?"

"मैं... म्हणजे मी... तुम्हाला वाचवायला आलो होतो."

"मले? मंग कमरेइतक्या पाण्यात थांबले काऊन? मी तर तिकडं बुडून राहिली होती!"

पोट्टा गोंधळला. कान लाल झाले. पण माणूस गोंदियाचा होता, बोलण्यात हार जाणारा नव्हता.

"थांबलो... कारण पाहिलं ना, मॅडम तर मस्त तैरून राहिल्या. मग उगीच कशाला?"

"तुम्हाले येते पोहता?"

"मला?" तो असा हसला की बस. "बचपन से! वैनगंगेच्या पाण्यात वाढलोय मी."

हे ऐकून आचलनं त्याच्याकडं नीट पाहिलं. ओल्या पापण्या, गालावर चिखलाचा शिंतोडा, आणि डोळे... डोळे बरे होते. चांगले होते म्हणा. पण वैनगंगेत वाढलेला माणूस कमरेइतक्या पाण्यात हात पसरून उभा राहतो का? तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथंच, आणि पुढं ती काही गप्प बसायला तयार होईना.

त्याचं नाव हिमांशू. गोंदियाचा. केशोरीच्या बाजारचौकात त्यानं नुकतंच मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं आणि सकाळी सकाळी कुणाची तरी मोटार पाहायला निघाला होता. हे सगळं त्यानं न विचारताच सांगितलं. मग पाळीवर ओळीनं काढून ठेवलेल्या चपलांकडं पाहून विचारलं, "इथं रोज कार्यक्रम असतो का हा?"

"हो. 'पहाट डुबकी' नाव हाये आमच्या ग्रुपचं. कोणीही येऊ शकते."

"मग मी उद्यापासून येतो," तो म्हणाला. आचलला वाटलं, बोलायचं म्हणून बोलला असेल.

दुसऱ्या दिवशी ती पाळीवर पोचली, तर चपलांच्या जागी कालचे ते बूट तिच्याही आधी येऊन बसलेले.

*

आता हा 'पहाट डुबकी' ग्रुप म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आंबेटोल्यात बायका पाण्यात उतरायच्या त्या कपडे धुवायला, नाहीतर धानाच्या रोवणीच्या चिखलात. हौस म्हणून पोहायला? राम राम म्हणा! पण आचल नागपूरला शिकून आली, गावच्या अंगणवाडीत लागली, आणि तिनं बापामागं भुणभुण लावली. बाप केवळराम. त्यांचं घराणं पिढीजात तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांचं, हा तलाव त्यांच्याच पूर्वजांनी माती वाहून बांधलेला. तलाव म्हणजे त्यांच्या घरातलं थोरलं माणूस, त्याच्या अंगावर कोणी नाचलेलं त्यांना कसं खपावं? पण लेकीनं पिच्छा सोडला नाही. शेवटी केवळरामांनी गावाला शब्द दिला, की पोहणाऱ्यांपासून तलावाले काही इजा झाली, तर जबाबदार मी.

तेव्हापासून रोज पहाटे पाच-सात जणी आणि दोन-चार पुरुष पाण्यात उतरत. शामकलाकाकू सगळ्यांत हौशी. गुडघ्यांनी चालू न देणारी ही बाई पाण्यात पडली की सुसाट सुटायची. गुलाबचंद गुरुजी निवृत्तीनंतर आलेले, ते पोहायचे कमी आणि पोहणाऱ्यांना सूचना जास्त द्यायचे. शिकाऊ माणसाच्या पाठीला तेलाची रिकामी कॅन बांधायची आणि पाण्यात काकूच्या हवाली करायचं, ही आचलची पद्धत. आणि एक नियम कडक. पाळीवर चपला ओळीनं काढायच्या, निघताना आपापल्या घालायच्या, आणि सगळ्यांत शेवटी आचलनं पाहायचं, की ओळीत एकही जोड उरला नाही ना. उरला तर माणूस पाण्यात आहे.

हिमांशू आला त्या पहिल्या दिवशी गुरुजींनी त्याच्यापुढं कॅन धरली.

"छे हो, गुरुजी! मला कशाला? मी तर..."

"वैनगंगेत वाढलेले हायेत ते," आचल गोडीनं म्हणाली. "कॅन काकूले परत द्या."

हिमांशूनं तिच्याकडं एकच नजर टाकली आणि कॅन बाजूला सारली.

तो पोहायचाही मोठ्या नवलाईनं. मध्ये खांबाकडं कधी जायचा नाही. पाळीच्या कडेकडेनं, मान पाण्याबाहेर ताठ, दोन्ही हात पुढं-मागं. आणि तेही कुठं? नेमकं तुडुमाच्या आसपास.

तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार. आंबेटोल्याचं तुडूम जुन्या बांधणीचं. पाळीच्या आतल्या अंगानं दगडी पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या, पायरीपायरीला भोक आणि भोकात लाकडी खुंटी. खुंटी काढली की पाणी पाळीच्या पोटातून पाटाला लागतं आणि पाटातून धानाच्या बांध्यांत. यंदा त्या खुंट्या काढायचा-लावायचा मान केवळरामांकडं होता. त्यांच्याशिवाय तिथं कोणी हात लावायचा नाही, असा गावाचा कायदा.

"तिकडं काऊन घुटमळता?" आचलनं एकदा पोहता पोहता त्याला गाठलं. "मधात चला ना. खांबापर्यंत शर्यत लावू."

"शर्यत? तुमच्याशी?" हिमांशू जागचा हलला नाही. "मॅडम, मी हरलो तर माझी इज्जत जाईल. तुम्ही हरलात तर माझा नाश्ता जाईल."

"नाश्ता?"

"शामकलाकाकू रोज मला तुमच्या डब्यातलेच पोहे देतात ना."

आचलला हसू आलं. ते तिनं पाण्यात तोंड बुडवून लपवलं. वर आली तेव्हा तो तिच्याकडंच पाहत होता, आणि त्याच्या भुवईवरून पाण्याचा एक थेंब घरंगळत नाकापर्यंत आलेला. तिला उगीच वाटलं, आपण तो बोटानं टिपावा... आणि लगेच तिनं स्वतःला झापलं. चांगली चौकस पोट्टी तू, अन् थेंब काय टिपतेस?

कारण शंका घ्यायला जागा होतीच. त्याच्या गाडीला काळ्या पाइपाचं वेटोळं लटकलेलं असायचं. मोटारपंपवाल्याकडं पाइप असणारच म्हणा. पण एकदा त्यानं विचारलं, "ही खुंटी काढली तर पाणी किती जोरात जात असेल?" आणि दुसऱ्यांदा पायातला बूट चढवत, अगदी सहज असल्यासारखं, "तुमचे बाबा साधारण किती वाजता येतात पाळीवर?"

"काऊन?"

"नाही... असंच."

असंच! असंच कोणी विचारते का? आचल दिवसभर अंगणवाडीतल्या लेकरांना कावळा-चिमणी शिकवत होती आणि मनात मात्र काळा पाइप वळवळत होता.

आणि एक गोष्ट तर कोहळ्याच्या लेकीच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. हिमांशू जिथून जायचा तिथलं पाणी गढूळ व्हायचं. काकू पोहून गेली, गुरुजी पोहून गेले, तरी पाणी आरशासारखं. हा गेला, की तळातून लाल-काळा गाळ उसळून वर यायचा. तुडुमापाशी पाणी गढूळ झालं की कुणीतरी खुंटीला हात लावला, हे आचलला बालवाडीत जायच्या आधीपासून ठाऊक. तिचा आजा पाळीवरून नुसती नजर टाकून चोर सांगायचा.

*

अन् व्हायचं तेच झालं. तलाव उतरू लागला.

उशिरा पिकणारं भारी धान गर्भात होतं. लोंबी बाहेर पडायच्या या दिवसांत एक शेवटचं पाणी मिळालं की धान भरतं, नाहीतर नुसता पोचट भुसा. त्या शेवटच्या पाण्यासाठी सगळा गाव तलावाकडं डोळे लावून बसलेला. आणि पाणी न सोडताच तुडुमाची एकेक पायरी उघडी पडत चाललेली.

पारावर बैठक बसली. उमेंद्रचं शेत अगदी पाटाच्या टोकाला, पाणी त्याच्यापर्यंत सगळ्यांत शेवटी पोचायचं. त्यामुळं तो सगळ्यांत आधी तापला.

"पाणी हवेत उडून राहिलं का? तुडूम बंद, पाट कोरडा, अन् तलाव खाली! हे पोहण्याचं खूळ सुरू झालं तवापासूनच हाये सारं. सकाळी सकाळी तिथं कोण काय करते, कोणाले माहीत?"

"माह्या गुडघ्यांशिवाय मी तिथं काही नेत नाही अन् आणत नाही!" शामकलाकाकू मागून ओरडली.

पण वारं फिरलेलं होतं. शेवटी ठरलं ते असं, की रविवारी पाणी सोडायचं. तोवर पाणी कुठं जातं ते कळलं तर ठीक, नाहीतर पोहणं कायमचं बंद, आणि केवळरामांनी तुडुमाचा मान सोडायचा.

घरी आल्यावर केवळरामांनी टॉवेल खुंटीला अडकवला आणि लेकीकडं न पाहताच विचारलं, "तू रोज सकाळी तिथंच असतेस. तुडुमापाशी कोणी जाते का?"

आचलनं खुंटीवरचा टॉवेल उगीच सारखा केला. एक नाव जिभेवर होतं. ते सांगितलं की ग्रुप वाचत होता, बापाची मान ताठ राहत होती, काकूचे गुडघे वाचत होते. फक्त एक माणूस जात होता. पोलीस, चावडी, गावभर बभ्रा... आणि उद्या पाळीवर ते बूट नसते.

"कोणी नाही, बाबा," ती म्हणाली.

बापाशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली. त्या रात्री तिला काही जेवण गेलं नाही. आईनं विचारलं, तर डोकं दुखते म्हणाली. दुखत होतं दुसरंच काही, पण ते आईला कसं सांगायचं? पाणीचोर तो. त्याच्यावर राग यायला हवा होता, आणि राग येतही होता. पण रागाच्या मागोमाग ती भुवई यायची अन् तो थेंब यायचा. बाई बाई, असा कसा जीव जडला? तोही चोरावर?

उशीवर कूस बदलत तिनं ठरवलं, की उगीच कोणावर आळ नको, अन् कोणाले सूटही नको. आपल्या डोळ्यांनी पाहायचं आणि मगच तोंड उघडायचं.

*

फटफटलं तेव्हा ती बाकीच्यांच्या आधी निघाली. पाळीवरून नाही गेली. मागल्या अंगाला शिंगाड्याचे वेल होते, तिकडून गुपचूप पाण्यात शिरली. गवतावर इतकं दंव पडलं होतं की पाय गारठले, पण तलावाचं पाणी उबदार. धानाचा गोडसर वास वाऱ्यावर येत होता. लांब एक पाणकोंबडी टकटक ओरडून गप्प झाली.

बूट पाळीवर होते. आणि तुडुमापाशी ते डोकं... एकटं. मान ताठ, दोन्ही हात पुढं-मागं.

आचलनं छाती भरून श्वास घेतला आणि बुडी मारली. पाण्याखालून, आवाज न करता, थेट तुडुमाच्या दिशेनं. आज रंगेहाथ पकडायचा. हातात खुंटी असेल, नाहीतर पाइप असेल. तिनं डोळे उघडले. आधी हिरवं पाणी, मग उजेडाचे तुकडे, मग गाळाचा ढग... आणि त्या ढगात दोन पाय.

पाय चालत होते.

हो, चालत होते! दगडी पायरीवरून गाळात, गाळातून पुन्हा पायरीवर. चांगले ठाशीव, बाजाराला निघालेल्या माणसाच्या पायांसारखे. वरून हात मारायचं नाटक आणि खालून आपली पायी वारी! ना खुंटी, ना पाइप.

आचलला पाण्याखालीच असं हसू फुटलं, की नाकातोंडात पाणी गेलं. ती खोकत वर आली ती नेमकी त्याच्या नाकासमोर.

"आई गं!" हिमांशू किंचाळला, दचकून मागं सरला, पायरी संपली... आणि वैनगंगेत वाढलेला तो वीर डुबुक करून दिसेनासा झाला.

आचलला वाटलं, आता हेही नाटकच करतो. पण वर आले ते नुसते बुडबुडे. मग एक हात आला, हवेत काहीतरी धरायला. तिनं झेप घेतली, केस हाताला लागले ते घट्ट धरले, आणि त्याला ओढत ओढत पायरीवर आणून आदळलं.

तो खोकला, पुन्हा खोकला, मग धापा टाकत पडून राहिला.

"मरायले आला होता का तू?" आचल ओरडली. "पोहता येत नाही तर सांगाचं ना! फोकनाड्या! वैनगंगा म्हणे! अरे, एवढे दिवस तू चालून राहिला होता?"

'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"हो," हिमांशू म्हणाला. "आमच्या घरासमोरून नाली जाते. तेवढंच पाणी पाहिलंय मी."

"मंग ते कायले? रोज पहाटे उठून, एवढ्या लांबून..."

"त्या दिवशी तू हसलीस ना." त्यानं चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. "वाटलं, आता खरं सांगितलं तर पुन्हा हसशील. आणि कॅन बांधली तर... काकू मला शिकवतील, तू नाही. म्हटलं, लवकर येऊन एकट्यानं शिकून घेऊ. बाबा किती वाजता येतात ते त्यासाठीच विचारलं, त्यांनी पाहू नये म्हणून. खुंटीचंही तेच, ती निघाली तर पाण्यानं ओढून नेऊ नये म्हणून. पण पाय सुटतच नाहीत गं खालून. सोडले की भीती वाटते."

आचलला हसायचं होतं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी का आलं ते तिलाच कळेना. चोर नाही. हा चोर नाही! ओरडून सगळ्या गावाला सांगावं असं तिला वाटलं. मग एकदम आठवलं, की चोर हा नाही, तर पाणी मग जातं कुठं?

"आणि एक गोष्ट आहे," हिमांशू चाचरत म्हणाला. "खूप दिवसांपासून सांगायची होती. पण सांगितलं असतं, तर तू विचारलं असतंस की तुझा पाय तळाशी काय करत होता. तिथं, त्या तिसऱ्या पायरीच्या पलीकडं... पाय ओढला जातो. गार पाणी येतं आणि बोटं खेचतं. मला वाटलं, भूतबीत असेल."

आचलनं त्याच्याकडं पाहिलं, उठली आणि तशीच बुडी मारली. हात चाचपत पाळीच्या पोटाशी गेला आणि एका जागी खांद्यापर्यंत आत शिरला. बीळ! खेकड्याचं बीळ, पाण्यानं पोखरून पोखरून रुंद झालेलं. तलाव तिथून पाळीच्या आरपार झिरपत होता आणि पलीकडं बेशरमाच्या झुडपांच्या रानात, जिथं कोणी फिरकत नव्हतं, नाल्याला जाऊन मिळत होता. वरून पोहणाऱ्यांना ते कसं दिसावं? खुंट्या तपासणाऱ्या केवळरामांना कसं कळावं? ते कळायला तळाशी चालणारा माणूसच हवा होता.

*

पण एवढ्यानं भागलं नाही. आचलनं बोलावल्यावर पाळीवर सगळा गाव गोळा झाला, बुड्या मारून बीळ चाचपून पाहिलं, आणि उमेंद्रनं नेमका तोच प्रश्न विचारला जो आचलला नको होता.

"ठीक हाये, बीळ हाये. पण हा मोटारवाला तिथं पाण्यात काय करत होता? बीळ यानंच पाडलं नसेल कशावरून? याच्या गाडीले पाइप असते, साऱ्यांनी पाहिला."

सगळ्या नजरा हिमांशूवर. आचल पुढं झाली, पण केवळरामांनी हात आडवा केला. "त्याले बोलू दे."

हिमांशू अंगाला टॉवेल गुंडाळून उभा होता. कुडकुडत होता. त्यानं एकदा आचलकडं पाहिलं, एकदा पाळीवरच्या आपल्या बुटांकडं.

"काकाजी," तो म्हणाला, "मला पोहता येत नाही."

"काय?"

"पोहता येत नाही. एक हातसुद्धा नाही. मी रोज चालत होतो. पायऱ्या तुडुमापाशीच आहेत म्हणून तिथं चालत होतो. पाणी मीच गढूळ केलं."

मग गुलाबचंद गुरुजी खो-खो हसायला लागले. "म्हणजे मी रोज याले सांगत होतो, पाय जास्त मार, पाय जास्त मार, तर हा..." पुढचं त्यांना बोलवेना. काकू पोट धरून खाली बसली. पाहता पाहता सगळी पाळ हसू लागली, उमेंद्रसुद्धा. हिमांशूचे कान पुन्हा लाल झाले, पण तो मान खाली न घालता तसाच उभा राहिला. आचल मात्र हसली नाही. ज्या हसण्याच्या भीतीनं एवढी नाटकं केली, ते हसणं हा माणूस आज सगळ्या गावाकडून झेलत होता. आपल्या तलावासाठी. तिचा जीव भरून आला आणि ती सरळ जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"पण पोहता येत नाही, तर रोज येत कायले होता, बाबू?" केवळरामांनी विचारलं.

हिमांशूची नजर तेवढी शेजारी वळली आणि परत आली. केवळराम जुने पाणी पाहणारे. त्यांनी ती नजर पाहिली, लेकीची खाली गेलेली मान पाहिली, आणि घसा खाकरून म्हणाले, "चला, चला, माती आणा! तणीस आणा! उभं राहून काय पाहून राहिले सारे?"

काळी माती आणि धानाच्या काड्यांचं तणीस तुडवून तुडवून बीळ बुजवलं. रविवारी केवळरामांनी स्वतःच्या हातानं खुंटी काढली, आणि पाणी उमेंद्रच्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं.

त्या संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांनी लेकीला हाक मारली. "त्या दिवशी तू मले कोणी नाही म्हणाली."

"हो, बाबा." आचल पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत उभी.

"खोटं बोलली."

"हो."

केवळरामांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. "पोट्टा मनाचा साफ हाये. पण कोहळ्याच्या घरात पाण्याले भेणारा माणूस कसा चालन? त्याले पोहणं शिकव. येऊ लागलं की मले सांगजो. मंग मी गोंदियाले जाऊन त्याच्या घरच्यांसंग बोलतो." आणि वर बजावलं, "त्याले हे सांगायचं नाही. नाहीतर घाईनं बुडन."

*

धान पिवळं पडू लागलं. पहाटे आता चांगलीच थंडी वाजायची, पण 'पहाट डुबकी' एक दिवस चुकत नव्हती. हिमांशूच्या पाठीला आधी कॅन होती. मग कॅन सुटली आणि आचलचा हात आला. ती छातीइतक्या पाण्यात उभी राहायची, तळहात त्याच्या पोटाखाली, आणि तो आडवा होऊन हातपाय मारायचा.

"सोडू?"

"नको, नको! बुडेन!"

हे रोजचं झालं. काकू खांबाजवळून ओरडायची, "अवं, सोड ना आता त्याले! लेकरू हाये का ते?"

"नाही येत, काकू, अजून," आचल सांगायची.

पण शंकेची ती जुनी पाल... ती काही मेली नव्हती. त्या दिवशी आचलच्या लक्षात आलं, की तळहातावर वजनच नाही. असलं तरी पानाएवढं. तिनं खाली पाहिलं. तुडुमाच्या पायऱ्या तळापर्यंत स्वच्छ दिसत होत्या, गाळाचा कण हललेला नव्हता. म्हणजे याचे पाय तळाला लागत नाहीत. आणि हात तर नुसता नावाला. म्हणजे...

"हिमांशू."

"हं?"

"खरं सांग. तुले पोहता येते."

हातपाय क्षणभर थांबले. मग त्यानं मान वळवली, भुवईवर तोच थेंब. "येतं," तो हळूच म्हणाला. "गेल्या आठवड्यापासून येतं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तू हात काढून घेतला असतास ना."

आचलनं ओठ चावला. दुसरा हात पाण्यातून वर काढला आणि इतके दिवस जे राहून गेलं होतं ते केलं, बोटानं तो थेंब टिपला. "कोणी सांगितलं तुले, की मी काढला असता म्हणून?"

तेवढ्यात पाळीवर टॉवेल झटकल्याचा आवाज आला. केवळराम खुंट्या पाहायला आले होते. काठाशी येऊन त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि पाण्याकडं पाहून हाक दिली.

"आचल! येते का वं त्याले आता?"

काकू खांबाला धरून थबकली. गुरुजींनी सूचना तोंडातच ठेवली. हिमांशू मात्र बिचारा घाबरून कुजबुजला, "नाही सांग. नाही सांग ना गं. शिकवणं बंद करतील."

आचलनं त्याच्याकडं पाहिलं. मग बापाकडं पाहिलं. थंडीतही तिचे गाल गरम झाले होते.

"येते, बाबा!" ती सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशी ओरडली. "चांगलं येते!"

"बरं," केवळराम म्हणाले. "मंग मी उद्याच्या गाडीनं गोंदियाले जाऊन येतो." आणि टॉवेल खांद्यावर टाकून ते चालू लागले.

"गोंदियाला? कशाला?" हिमांशूनं विचारलं. मग त्याला कळलं, आणि तो पोहायचंच विसरला. पाय तळाला टेकले, गाळ उसळला आणि तुडुमापाशी पाणी पुन्हा गढूळ झालं.